ओलं कुंकू

काळजी करायला मला निमित्त लागत नाही, असं शिवकुमार म्हणतो. नवराच तो, म्हणणारच. पण त्या शुक्रवारी निमित्त चांगलं भरभक्कम होतं. संध्याकाळी तानूआत्या दवाखान्यातून आनेकलला घरी यायची होती, सगळी मंडळी तिच्याभोवती बसून दयानंदच्या लग्नाचा व्हिडिओ बघणार होती, आणि ज्या कॉम्प्युटरवर मी तो व्हिडिओ जुळवत होते त्यानं पहाटे केव्हातरी मान टाकली होती.

तानूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, त्यामुळे आत्या नुसती म्हणायला. दयानंद तिचा एकुलता एक. त्याच्या लग्नाच्या सकाळी कल्याणमंटपाच्या ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्ये चढवताना ती कण्हत नव्हती, हुकूम सोडत होती. "मुहूर्त चुकवायचा नाही. कुणी माझ्यामागं यायचं नाही. माझी शपथ आहे." लग्न लागलं तेव्हा ती एक्स-रेच्या टेबलावर होती. मांडवात पुढच्या रांगेत वरमाईसाठी मखमलीची खुर्ची मांडली होती, तीत बसणं तिच्या नशिबी नव्हतं.

नंतर ऑपरेशन झालं, जखम चिघळली, मुक्काम लांबला. लोकांनी मोबाइलवर तुकडे दाखवायचा प्रयत्न केला, तर तिनं तोंड फिरवलं. "लग्न म्हणजे काय चिवडा आहे, मूठमूठ खायला? घरी येईन, सगळ्यांबरोबर बसेन आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघेन. रंजी करतेय ना." रंजी म्हणजे मी, रंजिता. तिच्या त्या 'करतेय ना'मुळे माझी झोप उडाली होती.

इकडं कानडी मुलखातल्या शिवाजीनगरला आमचा फोटो स्टुडिओ आहे, वर घर. स्टुडिओ माझ्या सासऱ्यांनी, आप्पाजींनी, फिल्मच्या काळात काढलेला. आता शिवकुमार शूटिंग करतो आणि मी एडिटिंग. दोन प्रती ठेवणं हा आमच्या धंद्यातला धर्म. लग्नाची एक प्रत कॉम्प्युटरच्या मुख्य डिस्कवर होती, दुसरी आतच बसवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. मुख्य डिस्क मेली. कॅमेऱ्यांची कार्डं पुसून शिवकुमार म्हैसूरला दुसऱ्या लग्नाला गेला होता. म्हणजे आता अख्ख्या लग्नाची एकच प्रत उरली, तळहाताएवढ्या काळ्या चपट्या डबीत. हे लक्षात आलं तेव्हा मी दात घासत होते. तशीच खाली धावले.

करायचं काय ते डोक्यात पक्कं होतं. नवी एसएसडी, म्हणजे तसलीच डिस्क, आणायची, तिच्यावर सिस्टिम घालायची, एडिटिंगचा प्रोग्रॅम चढवायचा, जुनी डिस्क परत जोडायची, व्हिडिओ पेनड्राइव्हवर काढायचा आणि आनेकल गाठायचं. एस. पी. रोडला कॉम्प्युटरचं दुकान उघडायच्या आधीच मी शटरसमोर उभी होते. जुनीसारखीच घेतली, तीच कंपनी, तोच आकार. एकदा विश्वास बसला की मी कंपनी बदलत नाही. नवऱ्याच्या बाबतीतही तेच धोरण आहे. "स्वल्प थांबा मॅडम, चेक करून देतो," म्हणत दुकानदारानं ती आपल्या मशीनला लावून बघितली आणि खोक्यात घालून दिली.

घरी आले तर आप्पाजी स्टुडिओच्या दारातच खुर्ची टाकून बसलेले.

"राहुकाळ लागलाय," ते म्हणाले. "आता नवीन काम सुरू करायचं नाही."

"आप्पाजी, कॉम्प्युटरला राहू-केतू नसतात."

"मग दसऱ्याच्या आयुधपूजेला त्याच्यापुढं लिंबू कापतेस ते कशाला?"

एरवी मी असलं काही मानत नाही, पण काळजी करणारा माणूस सगळंच थोडंथोडं मानतो. आजच्या दिवशी राहूला डिवचायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, सरी, बरं, नवीन काम नको तर नको, खोलाखोल तरी करते. खोलणं हे काही नवीन काम नव्हे. यावर त्यांनी मान हलवली.

मी कॉम्प्युटर उघडला आणि आतल्या सगळ्या डिस्क काढल्या. चुकीच्या डिस्कवर सिस्टिम चढवून सर्वस्व घालवलेल्या लोकांच्या कहाण्या आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. दुसरी कुठली डिस्क आत नसेलच तर चूक होणार कशी? मेलेली डिस्क ड्रॉवरमध्ये टाकली. लग्नाची आणि नवी, अशा दोन टेबलावर स्वच्छ पंच्यावर ठेवल्या. दोघी अगदी जुळ्या. पाठीवर लेबल होतं, पण त्यावरचे नंबर मुंगीच्या पावलाएवढे. ते वाचायची गरजही नव्हती, कारण लग्नाच्या डिस्कवर दसऱ्याचं कुंकू होतं.

आयुधपूजेला आप्पाजी स्टुडिओतल्या कशालाच सोडत नाहीत. कॅमेरे, ट्रायपॉड, दिवे, वायरींचं वेटोळं, पुसायला उघडलेल्या कॉम्प्युटरच्या आतली डिस्क, सगळ्यांना कुंकू. मागल्या दसऱ्याला ते कीबोर्डमध्ये गेलं आणि दोन बटणं अडकली, तेव्हा मी इतकी ओरडले होते की शेजारचा इस्त्रीवाला आत बघायला आला. "पुन्हा माझ्या मशीनला कुंकू लावलंत तर बघा!" असं मी सासऱ्यांना म्हटलं होतं. आज मात्र तोच वाळून तपकिरी झालेला ठिपका उपयोगी पडला. कुंकवाची ती जुनी, कोरी ती नवी. लहान पोरालाही कळेल.

तेवढ्यात दयानंदचा फोन आला. स्टुडिओत आवाज तुटतो, म्हणून मी गच्चीवर गेले. "अक्का, आई निघतेय बघ दवाखान्यातून," तो म्हणाला. "हॉलमध्ये मोठा टीव्ही आणलाय. चंदनाचे आईबाबा येणार आहेत, गल्लीतले पण येणार. आईनं लग्नातली साडी मागवून घेतली आहे. तीच नेसून बसणार म्हणतेय." तो आणखी बरंच बोलला. चंदनानं, म्हणजे त्याच्या नव्या नवरीनं, मागून काहीतरी विचारलं. मी सगळ्याला हो हो म्हणत होते.

खाली आले तेव्हा राहुकाळ संपला होता आणि आप्पाजी कॉफी करायला वर गेले होते. कोरी डिस्क उचलली, बसवली, स्क्रू पिळले. दुसरी पंच्यावर तशीच. तिच्यावरचा लाल ठिपका मला खुर्चीतून दिसत होता, आणि तो दिसतोय तोवर सगळं ठीक, असं मी स्वतःला बजावलं. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं. भाषा विचारली, सांगितली. अटी मान्य आहेत का, आहेत. मग त्यानं विचारलं, सिस्टिम कुठं घालू?

यादीत एकच डिस्क होती. पण ती रिकामी नव्हती.

नवी डिस्क रिकामी असायला हवी. ही तर जवळजवळ भरलेली दाखवत होती. मी मान वळवून टेबलाकडे बघितलं. कुंकू जागेवर होतं. पुन्हा पडद्याकडे बघितलं, पुन्हा टेबलाकडे. कुंकवाची तिथं आहे, म्हणजे आत आहे ती नवीच. मग भरलेली कशी? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एस. पी. रोडच्या त्या लबाडानं कुणाची तरी वापरलेली डिस्क धुऊनपुसून नवी म्हणून माझ्या गळ्यात मारली होती! चेक करून देतो म्हणे!

मला राग आला की माझी भीती पळून जाते. त्याला फोनवर काय काय सुनवायचं ते मनात जुळवतच मी डिलीटवर बोट ठेवलं. मशीननं सावध केलं की यातलं सगळं जाईल. जाऊ दे, मी म्हटलं, असतील कुणाच्या तरी गोव्याच्या सहलीचे फोटो. ओके दाबलं. यादी रिकामी झाली. नेक्स्ट दाबलं, आणि टक्के चढायला लागले.

टक्के चढताना बघत बसणं मला जमत नाही. लग्नाची डिस्क तोवर नीट पाकिटात घालून ठेवावी म्हणून उचलली. बोटाला काहीतरी लागलं. बघितलं तर लाल.

दसऱ्याचं कुंकू बोटाला लागत नाही. ते केव्हाच वाळलेलं. हे ओलं होतं.

मला नक्की काय कळलं आणि काय नाही ते सांगता येणार नाही. मी ओरडले आणि प्लग भिंतीतून उपटला. पडदा काळा झाला. आप्पाजी कॉफीचा लोटा घेऊन जिन्यातच थबकले.

"हे कुंकू कुणी लावलं?"

"मी," ते म्हणाले. "नवी वस्तू. कुंकू न लावता कामाला लावतात काय?"

"आणि जुनीवरचं?"

"तिच्यावर धूळ बसली होती. स्पिरिटनं पुसून काढली, लेन्स पुसतो तशी. तिचं दसऱ्याला झालं होतं. आज नवीचं."

"मला सांगितलं का नाही?"

आप्पाजींनी लोटा खाली ठेवला. "सांगितलं असतं तर ओरडली असतीस."

मी ओरडलेच. वयाचा मान, सासरेपण, काही ठेवलं नाही. तुमच्या कुंकवानं माझ्या आत्याचं लग्न पुसलं, म्हटलं. ते सुद्धा कमी नाहीत. "दोन ओळींचं लेबल वाचायला काय झालं होतं? डोळे कशाला दिलेत देवानं?" म्हणाले. ते खरं होतं, म्हणून मी आणखी ओरडले. शेवटी ते वर निघून गेले आणि मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून हमसाहमशी रडले.

मग फोनाफोनी सुरू केली. एस. पी. रोडचा तो लबाड, जो बिचारा लबाड नव्हताच, त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "जुन्या पद्धतीची हार्डडिस्क असती तर काहीतरी निघालं असतं, मॅडम. या एसएसडी पुसायला सांगितलं की आतून स्वतःच साफ होतात. आशा ठेवू नका." शिवकुमार म्हणाला की कार्डं दोनदा भरून झाली आहेत. मग म्हणाला, "आप्पाजींना बोललीस का काही?" मी फोन ठेवला.

आता करण्यासारखं काहीच नव्हतं. नवी डिस्क बसवून सिस्टिम घालता आली असती, पण घालून करायचं काय? लोकांच्या मोबाइलमधल्या तुकड्यांना आत्या शिवणार नव्हती, आणि दाखवायला दुसरं काही उरलंच नव्हतं. साडी बदलत होते तर आप्पाजी दारात उभे. हातात त्यांचा हँडीकॅम. फार जुना. त्याला कार्डबिर्ड नसतं, जे काही टिपतो ते पोटातच ठेवतो. लग्नात ते हौसेनं तो घेऊन हिंडतात, आणि आम्ही कुणी त्याला हिशेबात धरत नाही. अर्ध्या वेळा ते बटण दाबायला विसरतात.

"यात असेल काहीतरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "किंवा नसेल."

झडप घालून घेतला. बॅटरी ठार. भिंतीच्या चार्जरवरच चालतो तो, आणि चार्जर लग्नानंतर आनेकललाच राहिलेला. म्हणजे आत लग्न आहे की नुसता अंधार, ते तिथं सगळ्यांसमोरच कळणार होतं.

टॅक्सीत आम्ही दोन खिडक्यांना चिकटून बसलो. होसूर रोडवर गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या आणि मी आत्याला सांगायचं वाक्य घोकत होते. 'आप्पाजींनी कुंकू लावलं आणि त्यामुळं.' 'आप्पाजींनी न सांगता.' कसंही फिरवलं तरी पहिला शब्द आप्पाजीच येत होता. ते कॅमेरा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसले होते. चंदापुरा आलं तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्याची काच पुसायला लागले. तोपर्यंत माझा राग उतरला होता आणि नुसती भीती उरली होती.

आत्या खरंच लग्नातली जांभळी साडी नेसून बसली होती. शेजारी वॉकर. इतकी वाळली होती की पदर खांद्यावर ठरत नव्हता. हॉल माणसांनी भरलेला. "आली गं बाई माझी," म्हणत तिनं हात पुढं केला आणि माझं घोकलेलं वाक्य मी टाकून दिलं.

"आत्या," मी म्हटलं, "व्हिडिओ गेला. माझ्याच हातानं पुसला गेला. दुसरं काहीच उरलं नाही."

चंदनाच्या आईनं तोंडावर हात ठेवला. आप्पाजींनी माझ्याकडे बघितलं, मग खाली.

"सगळा?" आत्यानं विचारलं.

"सगळा. आप्पाजींच्या कॅमेऱ्यात काही असलं तर बघायचं. आम्हाला पण माहीत नाही."

दवाखान्यात इतके दिवस कशाच्या आशेवर काढले ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते माझ्याच्यानं बघवेना. "लाव," ती म्हणाली.

चार्जर टीव्हीच्या मागे धूळ खात पडला होता. दयानंदनं वायर जोडली. टीव्हीवर आधी कुठल्या तरी देवळाचा रथ आला, मग आमच्या गल्लीतलं कुत्रं झोपलेलं, बराच वेळ. कुणीतरी हसलं. मग जमीन दिसली, चपला, एक धोतराचा गुडघा, आणि एकदम समोर मांडव. सरळ, मधोमध. बोहल्यावर दयानंद उभा होता आणि मधे अंतरपाट धरलेला.

"देवा," चंदना म्हणाली.

आणि तेवढ्यात टीव्हीतून माझाच आवाज आला, खणखणीत. "आप्पाजी, उठा बघू तिथून! ती आत्याची खुर्ची आहे. काही रीतभात?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. करवली म्हणून मिरवताना मी त्यांना भर मांडवात झापलं होतं, आणि ते मी साफ विसरले होते. टीव्हीतून आप्पाजींचा आवाज आला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा. "गप गं. गुडघे गेलेत माझे. आणि मुहूर्ताला वरमाईची खुर्ची रिकामी बरी दिसत नाही."

मग मंगलाष्टकं सुरू झाली. कॅमेरा हलला नाही. मी जुळवलेल्या व्हिडिओत चार बाजूंनी घेतलेली दृश्यं होती, फुलं होती, स्लो मोशनमधलं हसू होतं. इथं काहीच नव्हतं. पुढच्या माणसाचा खांदा मधेमधे येत होता, मागं कुणाचं पोर रडत होतं, आप्पाजी खोकत होते. पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जेवढं दिसेल तेवढंच दिसत होतं.

मी आत्याकडे बघितलं. तिनं पदर डोक्यावर घेतला होता.

"माझ्या खुर्चीतनं आहे हे," ती हळूच म्हणाली.

"होय, विहीणबाई," आप्पाजी म्हणाले. "चुकलं असलं तर..."

"गप बसा. शेवटचं कडवं आलं." तिनं माझ्यापुढं ओंजळ केली. "रंजी, अक्षता दे."

मी स्वयंपाकघरात धावले. देव्हाऱ्यातलं कुंकू मूठभर तांदळाला लावलं, पाण्याचा हात फिरवला, आणलं. सगळ्यांनी हात पुढं केले, त्यांच्या हातांवर चिमूट चिमूट ठेवत गेले. शेवटी आप्पाजींपुढं आले. त्यांनी हात पुढं केला नव्हता. मी त्यांचा हात धरला, उघडला आणि उरलेल्या सगळ्या अक्षता त्यात ओतल्या. बोटं पुन्हा लाल झाली होती.

टीव्हीत 'सावधान' झालं, वाजंत्री कडाडली. आत्यानं वॉकरला धरून उठायचा प्रयत्न केला. दयानंद धावला, तर तिनं त्याला डोळ्यांनीच थांबवलं, बसल्याजागी जमेल तेवढी ताठ झाली आणि अक्षता टाकल्या. टीव्हीवर नाही, त्याच्यावर आणि चंदनावर. मग सगळ्यांनीच टाकल्या. हॉलभर लाल तांदूळ झाले.

कॅमेऱ्यातलं दृश्य एकदम आडवं झालं आणि संपलं. बहुतेक आप्पाजी टाळ्या वाजवायला गेले असणार. आत्यानं पदराच्या टोकानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि सगळ्यांकडे नजर फिरवली. बघता बघता ती पुन्हा हुकूम सोडणारी आत्या झाली.

"लग्न लागलं," ती म्हणाली. "आता बघत काय बसलाय? पानं मांडा. आणि पहिलं पान माझ्या या कॅमेरावाल्या व्याह्यांचं."